पाण्याची वर्दी

नांदेडच्या गोदावरीला येणारा मोठा पूर हा बहुतेक वेळा नांदेडवर पडलेल्या पावसाचा नसतो. नाशिकच्या घाटमाथ्यावर, प्रवरा-मुळेच्या खोऱ्यात, सिंदफणेच्या उगमाकडील बीडच्या डोंगरपट्टीत किंवा अजिंठ्याच्या रांगेतून निघणाऱ्या पूर्णेच्या पाणलोटात जे आभाळ कोसळते, त्याचे पाणी पैठण, राक्षसभुवन, गंगाखेड अशी तीर्थे मागे टाकीत, पुष्कळदा डोक्यावर लख्ख ऊन असताना, नांदेडच्या नावघाटाच्या पायऱ्या एकेक करून गिळू लागते. आणि ज्याने त्या दिवशी आपल्या गावच्या आकाशाकडे पाहून नदीचा अंदाज बांधला असेल, तो हमखास फसतो. लातूरची स्थिती याच्या उलट आहे. बालाघाटाच्या पठारावर वसलेल्या या जिल्ह्यातून मांजरा, तेरणा, तावरजा, रेणा या नद्या वाहतात खऱ्या, परंतु तिथल्या शेतकऱ्याच्या जिवावर येणारे संकट अधिककरून त्याच्याच माथ्यावरच्या ढगातून, रोहिणी-मृगाच्या तोंडावर किंवा उत्तरा-हस्ताच्या परतीच्या पावसात, विजेच्या आणि गारेच्या रूपाने उतरते, आणि उतरते ते घटका-अर्ध्या घटकेत. एका जिल्ह्यात संकटाची वर्दी द्यायला निदान एक रात्र हाताशी असते, दुसऱ्यात मोजकी मिनिटे. आणि ही वर्दी आजवर कोणी दिली, कोणत्या साधनाने दिली, कोणाच्या कानी पडली व ज्याच्या कानी पडली त्याला तिचा अर्थ कितपत उमगला, हा इतिहास पुराच्या आणि दुष्काळाच्या इतिहासात सहसा सांगितला जात नाही. मला तो सांगण्याजोगा वाटतो, कारण आज आपण ज्या भोंग्यांची आणि भ्रमणध्वनीवर किंचाळणाऱ्या संदेशांची योजना करीत आहोत, त्यांच्यापुढील अडचण नवी नाही.

आधुनिक यंत्रे येण्यापूर्वी या मुलुखात वर्दीचे सार्वजनिक साधन एकच होते, ते म्हणजे दवंडी. १८६५ साली पहिल्या सालारजंगाने निजामाच्या राज्यात जिल्हाबंदी केली, अव्वल तालुकदार, तहसीलदार, पेशकार अशी दिवाणी उतरंड उभी केली, दफ्तरे फारसीत आणि पुढे उर्दूत लिहिली जाऊ लागली. तथापि त्या उतरंडीची शेवटची पायरी जुनीच राहिली. तहसिलीचा हुकूम पाटील-पटवाऱ्याच्या हाती येई आणि पाटलाच्या ढाळजेतून तो गावात जाई तो येसकराच्या तोंडून व हलगीच्या कडकडाटातून. सारा भरण्याची मुदत, आठवडी बाजाराचा बदललेला दिवस, जनावरांत पसरलेला रोग, महामारीमुळे गाव सोडून वावरात राहायला जाण्याचा हुकूम, हाकिमाचा मुक्काम आणि नदीला येणारे पाणी, या सर्व बातम्या एकाच वाटेने गावात शिरत.

दवंडीला अडाणी काळाचे साधन समजण्याची रीत आहे. तिच्या रचनेकडे लक्ष देऊन पाहिले तर तो समज टिकत नाही. प्रथम वाद्य वाजे आणि त्याने हातातले काम थांबे. मग वाद्य थांबे आणि माणसे दाराशी येत. मग हुकूम कोणाचा हे सांगितले जाई, त्यानंतर काय होणार, केव्हा होणार आणि ऐकणाऱ्याने काय करायचे हे दोन-चार वाक्यांत सांगून तो माणूस पुढच्या आळीच्या तोंडाशी जाऊन तेच पुन्हा सांगे. सांगणारा गावाच्या ओळखीचा असे, त्याला थांबवून प्रश्न विचारता येई, आणि ज्या घरातून कोणी बाहेर आले नाही त्या घराची कडी वाजवता येई. लक्ष वेधणे, हुकुमाचा उगम सांगणे, धोका सांगणे, कृती सांगणे आणि पुनरुक्ती करणे ही पाच अंगे ज्या वर्दीत आहेत ती पूर्ण वर्दी होय, आणि पुढे आलेल्या प्रत्येक यंत्राने यांतील एखाददुसरे अंग अधिक बळकट करताना बाकीची अंगे गमावली, असे माझे स्पष्ट मत आहे. हलगीचा आवाज फार दूर जात नसे, ही त्या साधनाची मर्यादा खरीच. परंतु जिथवर तो जाई तिथवर अर्थही जाई.

येथे एक गोष्ट न लपवता नोंदवली पाहिजे. ही पूर्ण वर्दी ज्यांच्या कंठातून आणि हातांतून गावाला मिळत होती, ते महार आणि मांग समाजाचे लोक होते, आणि ती त्यांची हौस नव्हती. ते वतनाच्या नावाखाली लादलेले, रात्री-अपरात्री बजावायचे, मूठभर बलुत्यावर आणि शिळ्या भाकरीवर करवून घेतलेले काम होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले तेव्हा या वेठीचे स्वरूप त्यांनी उघड केले. निजामाच्या मुलुखाला तो कायदा लागू नव्हता, परंतु वेठ तीच होती. गावकुसाबाहेरची वस्ती अनेक ठिकाणी ओढ्याच्या काठी, पांढरीच्या उतारावर असे. म्हणजे ज्याने पाण्याची वर्दी सगळ्या गावाला द्यायची, त्याच्याच घरात पाणी सर्वांच्या आधी शिरायचे. दवंडीचा माणूस नाहीसा झाला याचे दुःख करणाऱ्यांनी हा हिशेब विसरू नये. ती प्रथा मोडली हे न्याय्यच झाले. फक्त तिच्या जागी येणाऱ्या व्यवस्थेने, वेठ वगळून, तिचे शास्त्र तेवढे घ्यायला हवे होते.

निजामाच्या राज्याला पुराच्या वर्दीचे महत्त्व ज्या घटनेने शिकवले ती नांदेडात घडली नाही, खुद्द राजधानीत घडली. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबाद शहराचा मोठा भाग धुऊन नेला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. पुढच्या वर्षी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले, आणि त्यांच्या सल्ल्यातून शहराच्या वरच्या अंगाला पूर अडवणारे जलाशय बांधण्याची कल्पना पुढे आली. उस्मानसागर आणि हिमायतसागर ही तिची फळे. राज्यकर्त्यांनी त्या आपत्तीचा अर्थ मुख्यत्वे स्थापत्याच्या भाषेत लावला. पाणी अडवण्याचा विचार झाला, पण पाणी येत आहे हे झोपलेल्या माणसाला कसे सांगावे याचा तितका झाला नाही. दोष केवळ त्या राज्याचा नव्हे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुणे बुडाले, तेव्हा राज्य मराठी होते, शहर विद्येचे माहेरघर होते, धरण ढासळत असल्याची चिन्हे आधी दिसत होती, आणि तरीही नागरिकांना वेळेवर व निःसंदिग्ध सूचना मिळाली नाही. वरच्यांना जे ठाऊक असते ते खालच्यांना सांगितल्यास घबराट माजेल, ही भीती प्रत्येक काळातील अंमलदारांना वाटत आली आहे, आणि त्या भीतीने पुरापेक्षा कमी माणसे मारलेली नाहीत असे मला वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी या जिल्ह्यांत तार आली ती मुख्यतः लोहमार्गाच्या सोबतीने. मनमाड ते सिकंदराबाद या गोदावरीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या मार्गाने नांदेड जोडले गेले, आणि १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरपर्यंत पोहोचली. पुलाखालच्या पाण्याची पातळी पाहणे, पावसाळ्यात कंदील घेऊन रुळांवर गस्त घालणे, पुढील स्टेशनास तारेने खबर देणे ही शिस्त रेल्वेकडे होती. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याकडे बंदरांवर दिवसा गोळे-शंकू आणि रात्री दिवे चढवून वादळाची सूचना देण्याची पद्धत होती. म्हणजे आगगाडीला वर्दी मिळत होती, गलबताला मिळत होती. नदीकाठच्या वस्तीसाठी मात्र तार तहसिलीच्या कचेरीत येऊन थांबे आणि तिथून पुढे घोडा, माणूस आणि हलगी. नदीवर कोणी असे निशाण उभारले नाही. स्वतंत्र भारतात केंद्रीय जल आयोगाने पुराचे शास्त्रीय भाकित करण्यास १९५८ साली दिल्लीच्या यमुनेपासून आरंभ केला, आणि कालांतराने नांदेडच्या जुन्या पुलापाशी गोदावरीची इशारा पातळी ३५१ मीटर आणि धोका पातळी ३५४ मीटर अशा दोन रेषा ठरल्या. या दोन आकड्यांमधील तीन मीटर म्हणजे खडकपुरा, गोवर्धन घाट, देगलूर नाका या बाजूंच्या सखल वस्त्यांना अंथरूण-पांघरूण, शाळेची दप्तरे आणि म्हातारी माणसे हलवण्यासाठी मिळालेली मुदत होय. समुद्रसपाटीपासून मोजलेली ही उंची आकड्यांच्या रूपात रोज वर्तमानपत्रात छापून येते; तिचा अर्थ आपल्या दाराच्या उंबऱ्याशी कसा लावायचा, हे सांगणारी खूण भिंतीवर असेल तरच तो आकडा घरातल्या माणसाच्या उपयोगाचा.

आता भोंग्याकडे वळू. छिद्रे पाडलेली तबकडी हवेच्या झोतासमोर फिरवली असता हवा तुटक तुटक कोंडली व सुटली जाते आणि तिच्या कंपनांतून स्वर निर्माण होतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ कान्यार द ला तूर याने १८१९ साली दाखवले. तबकडीचा वेग वाढवला की स्वर चढतो, उतरवला की उतरतो. आजचा हाताने फिरवण्याचा किंवा विजेवर चालणारा सायरन याच तत्त्वावर चालतो. आपल्याकडे मात्र त्याच्या आधी गिरणीचा वाफेवरचा भोंगा परिचयाचा झाला. नांदेडात निजामाच्या काळात उभी राहिलेली उस्मानशाही गिरणी पुढे सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. गिरणगावांत भोंग्याने जे काम केले तेच येथेही, पाळी लागल्याची आणि सुटल्याची वेळ सांगण्याचे. त्याचा आवाज दवंडीच्या कित्येक पट दूर जाई, पण तो एकच गोष्ट सांगे आणि ती रोज सांगे. त्यामुळे भोंगा वाजला की काय करायचे हे लोकांना वेगळे शिकवावे लागले नाही; रोजच्या सवयीने ते शिकवले.

संकटाच्या सायरनला ही सोय नसते. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत देशातील शहरांना दोन स्वर शिकवले गेले: खाली-वर होणारा स्वर म्हणजे धोका, एकसारखा लांब स्वर म्हणजे धोका टळला. खिडक्यांना काळे कागद लावण्याच्या त्या दिवसांत हे स्वर मुलांनाही पाठ झाले होते, कारण त्यांच्यामागे सराव होता. नंतरच्या पिढ्यांच्या स्मरणातून ते पुसले गेले. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली तेव्हा महाराष्ट्रातील निवडलेल्या ठिकाणांत मराठवाड्यातून औरंगाबादचे नाव होते, नांदेड-लातूरची नव्हती. युद्धाच्या दृष्टीने ते सयुक्तिकही असेल, पण या दोन जिल्ह्यांतील विशीतल्या माणसाने संकटाचा सायरन त्याच्या अर्थासह कधी ऐकलेला नाही, ही वस्तुस्थिती त्यातून उघड झाली.

ज्या देशात वादळासाठी सायरन वाजवण्याची रीत सर्वांत दृढ आहे, त्या अमेरिकेतील इतिहास येथे उपयोगी पडतो. २५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर फॉबुश आणि मिलर या दोन लष्करी हवामानतज्ज्ञांनी चक्रवाती वावटळीचे पहिले यशस्वी भाकित केले. लोक घाबरतील म्हणून तोवर अशा वावटळीचे नावसुद्धा भाकितात काढले जात नसे. पुढे बॉम्बहल्ल्यासाठी उभारलेले सायरन वादळासाठी वापरले जाऊ लागले, आणि अनेक वर्षांच्या अनुभवाने तिथल्या अधिकाऱ्यांनी एक गोष्ट वारंवार सांगायला सुरुवात केली, ती अशी की हा सायरन घरात झोपलेल्या माणसासाठी नाही. तो उघड्यावर असलेल्या माणसासाठी आहे, आणि त्याचा अर्थ इतकाच की आत जा, भक्कम आडोसा धरा आणि रेडिओवर काय सांगतात ते ऐका. सायरन थांबला म्हणजे धोका टळला असेही तिथे मानायचे नसते. सायरन वाजला की बाहेर येऊन आकाश पाहणारी माणसे त्या देशातही पुष्कळ आहेत. मानवी स्वभाव सर्वत्र एकच: निरर्थक वाटणारा आवाज ऐकला की माणूस प्रथम शेजाऱ्याकडे पाहतो आणि शेजारी हलला तरच हलतो.

गोदावरीवर सायरनची खरी गरज धरणांनी निर्माण केली. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ साली पायाभरणी आणि इंदिरा गांधींच्या हस्ते १९७६ साली लोकार्पण झालेले जायकवाडी, पूर्णेवरील येलदरी-सिद्धेश्वर, सिंदफणेवरील माजलगाव आणि नांदेडच्या उशाशी असर्जनजवळचा १८ दरवाजांचा विष्णुपुरी प्रकल्प, ज्याला शंकरराव चव्हाणांच्या स्मरणार्थ शंकरसागर म्हणतात, या सर्वांनी मराठवाड्याला पाणी दिले यात शंका नाही. त्याचबरोबर नदीचा पूर आता पंचांगाने येईना, दरवाजा उचलण्याच्या निर्णयाने येऊ लागला. खालच्या अंगाला धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार दरवर्षी १ जुलैला वर उचलायचे आणि २८ ऑक्टोबरपर्यंत तसेच ठेवायचे, असा वहिवाटीचा दिवसच ठरला आहे. दरवाजा माणूस उचलतो, म्हणून त्याआधी भोंगा वाजवणे ही माणसाचीच जबाबदारी होते. ती चुकली तर काय होते, हे हैदराबादने ८ जून २०१४ रोजी पुन्हा एकदा पाहिले. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या खडकांवर उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ते परगावचे होते. त्या नदीची चाल आणि तिचे संकेत त्यांना ठाऊक नव्हते.

नांदेडच्या घाटांवर परगावची माणसे रोजच असतात. सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून, हरियाणातून, दिल्लीतून आलेले यात्रेकरू नगिना घाटावर आणि बंदा घाटावर स्नानाला उतरतात. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी याच नगरीत देह ठेवला, तेव्हापासूनचा हा ओघ आहे. विष्णुपुरीचे दरवाजे उघडताना महानगरपालिकेची गाडी मराठीतून ध्वनिक्षेपकावर कितीही मोठ्याने सांगू लागली तरी पायरीवर बसलेल्या वृद्ध पंजाबी बाईला ती भाषा परकीच असणार. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला धर्माबाद-बिलोलीकडे तेलुगू, देगलूरच्या सीमेवर कानडी, किनवटच्या जंगलपट्टीत गोंडी, तांड्यांवर लमाणी आणि शहराच्या अर्ध्या मोहल्ल्यांत उर्दू बोलली जाते. भोंगा सर्व भाषांच्या वर आहे असे त्याचे समर्थक म्हणतात, आणि लक्ष वेधण्यापुरते ते खरे आहे. पण त्याच्या पाठोपाठ जे शब्द यायचे ते ऐकणाऱ्याच्याच भाषेत यायला हवेत.

लातूरने तर अर्थाविना आवाज म्हणजे काय याचा अनुभव इतक्या दारुण रीतीने घेतला आहे की त्याविषयी लिहिताना हात जड होतो. किल्लारी आणि परिसरात ऑगस्ट १९९२ पासून जमिनीला धक्के बसत होते, पोटातून गुरगुर ऐकू येत होती, लोक भयभीत होऊन दाद मागत होते. विज्ञानाला त्या धक्क्यांतून निश्चित असे भाकित काढता येत नव्हते, आणि आजही येत नाही. त्यामुळे इथे कोणाला वर्दी न दिल्याचा दोष देता येणार नाही. काही महिन्यांनी धक्के विरळ झाले, भय निवाले, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून झोपलेल्या गावांवर जाड दगडी भिंती आणि मातीची धाबी कोसळली. त्यानंतर ५२ गावे नव्याने वसवली गेली, आणि त्याच पुनर्वसन कार्यक्रमाचा भाग म्हणून महाराष्ट्राने जिल्ह्याजिल्ह्याचे आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे आखले; २००५ च्या राष्ट्रीय कायद्याच्या कितीतरी आधी हे काम मराठवाड्याच्या मृतांमुळे सुरू झाले, हे पुढच्यांनी लक्षात ठेवावे. तेव्हापासून या पट्ट्यात जमिनीतून गूढ आवाज आला की गाव अंगणात येते. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातील हासोरीत असेच झाले, आणि तिथे यंत्रांनी सौम्य धक्के नोंदवले. त्या लोकांना हसणारे शहाणे मला भेटले आहेत. परंतु आवाज ऐकला की भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी जायचे, हा धडा त्या लोकांनी फार मोठी किंमत देऊन घेतला आहे, आणि भूकंपाच्या प्रदेशात तो बरोबर आहे.

अडचण अशी की विजेच्या बाबतीत हाच धडा नेमका उलटा होतो. आकाश गडगडले की मोकळ्या जागी थांबायचे नाही. ऑक्टोबरात सोयाबीनची गंजी भिजू नये म्हणून तिच्यावर ताडपत्री ओढणारा, किंवा मे महिन्यात शेळ्या घेऊन माळावर गेलेला, पावसाचे थेंब पडू लागताच बांधावरच्या लिंबाखाली किंवा आंब्याखाली जातो, आणि वीज त्याच झाडाला गाठते. मराठवाड्यातील वीजबळींच्या बातम्या वर्षानुवर्षे वाचल्या तर झाड, वावर आणि दुपार यांची सांगड पुन्हा पुन्हा आढळते. वस्तुतः मेघगर्जना हाच निसर्गाने दिलेला भोंगा आहे, आणि तो वाचण्याचे गणित कोणालाही करता येण्याजोगे आहे: आवाज सुमारे तीन सेकंदांत एक किलोमीटर जातो, लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंद किंवा त्याहून कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत शिरण्याची वेळ झाली आहे, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने विजांची स्थाने टिपणारे जाळे उभारून त्याच्या आधारे ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील साधन दिले आहे, आणि ते २० व ४० किलोमीटरच्या परिघातील विजांची सूचना देते. आखाड्यावर ज्याच्या खिशात साधा फोन आहे, किंवा चार्जिंगअभावी बंद फोन आहे, त्याच्यापाशी गडगडाट मोजण्याचे गणित तरी असावे, आणि ते जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या मुलाला शिकवता येते.

हवामान खात्याच्या रंगांचेही असेच काहीसे झाले आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा, असा त्यांचा संकेत आहे. पण आपल्या बोलण्यात ‘यलो अलर्ट’ आणि ‘रेड अलर्ट’ हे पावसाच्या मापाचे शब्द होऊन बसले, आणि लाल सांगूनही आपल्या शिवारात ऊन पडले की खाते खोटे ठरते. तालुक्या-तालुक्यांत विस्कटून पडणारा मराठवाडी पाऊस जिल्हावार रंगांत बसत नाही, हे खरेच आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने एका गावचा हरभरा, गहू आणि द्राक्षे झोडपली तेव्हा शिवेपलीकडचे शेत कोरडे होते. २०२३ च्या पावसाळ्यात सरकारने फोनवर थेट संदेश धाडण्याची चाचणी घेतली, तेव्हा एकाच क्षणी लाखो खिशांतून कर्कश आवाज उठला आणि बहुतेकांना फोन बिघडल्याची शंका आली. साधन मात्र उत्तम आहे; ठरावीक मनोऱ्यांच्या टापूत असलेल्या सर्वांना, क्रमांक न विचारता, स्थानिक भाषेत लिहिलेला मजकूर ते पोहोचवते, आणि दवंडीनंतर प्रथमच आवाज व अर्थ एकत्र आले आहेत. मजकूर वाचून दाखवणारा घरात कोणी असला पाहिजे, एवढी उणीव राहते.

२०२१ च्या सप्टेंबरअखेर, ‘गुलाब’ चक्रीवादळाचे अवशेष मराठवाड्यावरून गेले तेव्हा धनेगावच्या मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले, आणि २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते, त्याच जिल्ह्यातील नदीकाठची माणसे छपरांवरून सोडवून आणावी लागली. पाच वर्षांच्या अंतराने तहान आणि पूर दोन्ही पाहणाऱ्या माणसाला पाण्याचा भोंगा खरा वाटणे कठीण असते. धरण भरल्याची बातमी त्याला आनंदाची असते, आणि तिच्यातला धोका ऐकू यायला त्याचे मन तयार नसते. १७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या खोऱ्यात २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, वरून उदगीरच्या पठाराचे आणि कर्नाटकाच्या कडेचे पाणी आले, आणि हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली ही गावे अंधारात वेढली गेली. माणसे दगावली, गोठ्यात बांधलेली जनावरे दाव्यासकट गेली. शेवटी लष्कर बोलवावे लागले.

अशा रात्री वीज गेलेली असते, मनोऱ्याची बॅटरी उतरलेली असते, ग्रामपंचायतीवरचा विजेचा भोंगा मुका असतो. त्या वेळी हाताने फिरवण्याचा सायरन, देवळावरील किंवा मशिदीवरील बॅटरीवर चालणारा ध्वनिक्षेपक, आणि गल्लीतून कडी वाजवीत जाणारा माणूस हीच यंत्रणा उरते. तो माणूस सरकारी नोंदीत आजही आहे. तलाठ्याच्या सजात नेमलेला कोतवाल, ज्याला अलीकडे महसूल सेवक हे नाव मिळाले, त्याच्या कर्तव्यांत दवंडी देणे अद्याप समाविष्ट आहे. वतन गेले, वेठ गेली, मानधन आले, हे चांगले झाले. त्याला बॅटरी, शिट्टी, हाताचा भोंगा, चारचौघांत वावरणारे दोन मदतनीस आणि महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी भोंगा वाजवून मागोमाग स्पष्ट शब्दांत त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार द्यावा, एवढी मागणी या दोन जिल्ह्यांच्या नदीकाठच्या गावांनी करायला हवी. आणि दुसरी मागणी थोड्या वरच्या पायरीवर. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. लेंडी-मांजरेचे वरचे खोरे आणि खालचे खोरे एकाच राज्याच्या अमलाखाली होते. आता पाणी दोन राज्यांच्या आणि दोन जिल्ह्यांच्या हद्दी न विचारता ओलांडते, तर वर्दीला प्रत्येक हद्दीवर एका कचेरीतून दुसरीत जावे लागते. उदगीरच्या तहसील कार्यालयाने रात्री दहाला मोजलेला पाऊस मुखेडच्या तहसीलदाराला, आणि त्याच्याकडून हसनाळच्या कोतवालाला, मध्यरात्रीपूर्वी कळवण्याची वाट ठरलेली, लिहिलेली आणि दर पावसाळ्याच्या आरंभी चालून पाहिलेली असावी.